गाडी रिकामी करताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीवर बोलतो, असं मी कळवलं तेव्हा कार्यक्रम अधिकारी फोनवर क्षणभर गप्प झाले. कवी म्हटल्यावर त्यांनी पावसाची तयारी ठेवली असावी. मी म्हटलं, पाऊसही येईल त्यात, काळजी करू नका.

विषय असा आहे. जगात एक हौशी जमात आहे. ही माणसं पंचवीस-तीस वर्षांची जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतात आणि घरी आणल्यावर पहिलं काम काय करतात, तर तिच्या आतलं सामान उपसून बाहेर काढतात. पायाखालचा गालिचा, गालिच्याखालचा नमदा, रेडिओ, स्पीकर, दारांच्या आतल्या गाद्या, हातरुमाल ठेवायचे कप्पे, सगळं. उरतो उघडा पत्रा, एक कडक सीट, स्टिअरिंग आणि गिअरची दांडी. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याची गाडी चोरांनी लुटली. मालकाला वाटतं, आता कुठे ही गाडी झाली! शर्यतीच्या गाड्या आतून अशाच असतात, आणि आपली म्हातारी गाडीही तशी दिसावी, तशी पळावी, ही त्यामागची ओढ.

यावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे. कवितेमुळे नव्हे, सीटमुळे. आमच्या अब्बांचं चिपळूणला हायवेच्या कडेला सीटकव्हरचं दुकान होतं. बी. ए. होईपर्यंत कॉलेज सुटलं की मी दुकानात. अँबॅसिडरचं लांबलचक सीट उघडायचं, स्प्रिंगा बघायच्या, त्यावर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, काथ्यावर कापसाचा थर आणि मग रेक्झीन ताणून शिवायचं. ताण कमी पडला तर महिन्याभरात सुरकुत्या, जास्त झाला तर टाका फाटतो. ट्रकवाल्यांची तर तऱ्हाच न्यारी. त्यांना केबिनमध्ये झालर हवी, गोंडे हवेत, मखमल हवी. केबिन म्हणजे लग्नाचा मांडव. अब्बा म्हणायचे, इंजिन गाडीला ओढतं, पण रात्रभर माणसाला ओढतं ते सीट. सांगायचा मुद्दा, आमच्या घरात चार पैसे आले ते गाडीत भर घालून. काढून टाकण्याचे पैसे कुणी देतं, हे अब्बांना सांगितलं असतं तर त्यांनी मला ताप आला का ते पाहिलं असतं.

पण लोक देतात पैसे. त्याची एक फार गमतीची हकिकत आहे. १९७२च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पोर्शे या जर्मन कंपनीनं ‘९११ कॅरेरा आरएस’ नावाची गाडी मांडली. कंपनीला त्या गाडीनं शर्यतीत उतरायचं होतं आणि शर्यतीचा नियम असा, की तशा किमान ५०० गाड्या बनलेल्या असल्या पाहिजेत. म्हणजे सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकता येईल अशी शर्यतीची गाडी बनवणं आलं. किंमत ठेवली ३४ हजार मार्क. ज्याला अगदी हलकी हवी त्याच्यासाठी वेगळी सोय होती. मागची सीटं नाहीत, गालिचा नाही, घड्याळ नाही, कोट अडकवायचे हूक नाहीत, दारावर हात टेकायची गादी नाही. दार ओढून घ्यायला कापडी पट्टी. नाकावरचं कंपनीचं धातूचं बोधचिन्हसुद्धा सुरुवातीच्या गाड्यांवर नुसतं चिकटवलेलं. आणि एवढं सगळं नसण्यासाठी गिऱ्हाइकानं ७०० मार्क जादा मोजायचे!

या हलक्या गाडीचं वजन ९६० किलो. सुखसोयी परत घातलेली तिची बहीण, जिला ‘टूरिंग’ म्हणत, ती १०७५ किलोची. ११५ किलोंचा फरक, म्हणजे तांदळाची पन्नास किलोंची दोन पोती आणि वर एक भरलेली पिशवी. १९७३च्या जुलैपर्यंत एकूण १५८० गाड्या बनल्या. आता गंमत ऐका. त्यातल्या तेराशेहून अधिक लोकांनी टूरिंग घेतली. हलकी घेणारे दोनशेच्या आसपास. म्हणजे शर्यतीचं नाव प्रत्येकाला हवं होतं, पण रविवारी बायकोला शेजारी बसवून गावाबाहेर जायचं तर गालिचाही हवा होता. मला हा आकडा फार आवडतो. त्यात जर्मनी दिसत नाही, माणूस दिसतो. आज मात्र उलटं झालं आहे. ज्या थोड्या हलक्या गाड्या होत्या त्यांनाच टूरिंगपेक्षा कितीतरी जास्त किंमत येते आणि दाराची ती कापडी पट्टी जगभरचे हौशी लोक आपापल्या गाड्यांना लावत सुटले आहेत.

वजनाचं एवढं कौतुक का, हे एकदा समजून घेऊ. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी जोरात सुटते, पण ब्रेक लावताना आणि वळताना त्या ताकदीचा काही उपयोग नाही. वजन कमी केलं तर तिन्हीकडे फायदा. भरलेली हातगाडी आणि रिकामी हातगाडी उतारावर ज्यानं वळवली आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. भार कमी असला की टायरची पकड वळणासाठी जास्त शिल्लक राहते. शिवाय मऊ गादी, जाड नमदा काढला की रस्ता हाताला आणि पाठीला थेट कळतो. चाक कधी घसरू लागलं हे शर्यतवाल्याला कानाआधी बुडाला कळतं. शब्द जरा गावठी आहे, पण अचूक आहे. आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हा आतून रिकाम्या केलेल्या फियाटी पळायच्या. जी फियाट काकांना लग्नाला घेऊन जाई, तीच.

फेरारीची १९८७ची ‘एफ४०’ ही गाडी तर याचं टोक. गालिचा नाही, रेडिओ नाही, दार आतून उघडायला नुसती ओढायची तार. मात्र एसी ठेवला होता, कारण इंजिन पाठीशी, आत भट्टी व्हायची. मला यातलं शहाणपण एसीत दिसतं. ज्यानं रेडिओ काढला त्यानंच एसी ठेवला. काय काढायचं याचं उत्तर प्रत्येक गाडीला, प्रत्येक माणसाला वेगळं असतं. बाजारात मिळतात ती लाल दोऱ्याची खोटी बकेट सीटं, पेडलवर चिकटवायचे चकचकीत पत्रे, हे मात्र मला मुळीच आवडत नाहीत. ती शर्यत नव्हे, ती ट्रकवाल्याची झालरच आहे, फक्त इंग्रजीतली. आणि झालरीत ट्रकवाल्याचा निदान जीव तरी असायचा.

आता माझ्या भाच्याकडे येतो. आमच्या आपाचा मुलगा इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ नोकरी करतो. लग्न केलेलं नाही. मेहुणे गेल्यापासून आपाही त्याच्याकडेच असते. यानं २०२३मध्ये १९९१ची माझदा ‘एमएक्स-५’ घेतली. दोनच सीटं, कापडी छत, झाकणासारखे वर उघडणारे दिवे. ही गाडी जपान्यांनी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली. नमुना समोर होता तो जुन्या इंग्रजी छोट्या स्पोर्ट्स गाड्यांचा, ज्या दिसायला देखण्या आणि पावसात बंद पडणाऱ्या. जपान्यांनी देखणेपणा ठेवला आणि बंद पडणं काढलं. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशा अर्थाचा त्यांच्या भाषेतला एक शब्दप्रयोग माझदावाले या गाडीसाठी वापरतात. २०१६मध्ये या जातीची दहा लाखावी गाडी बनली. स्वस्तात मिळते, सुटे भाग मिळतात, वजन मुळातच टनाच्या आत. त्यामुळे आतून उपसायच्या हौसेला सगळ्यात जास्त बळी पडते ती हीच.

भाच्याला ती ट्रॅकवर न्यायची होती. तिकडे सिल्व्हरस्टोनसारख्या शर्यतीच्या ट्रॅकवर पैसे भरून आपली गाडी फिरवता येते. त्याला ट्रॅक डे म्हणतात. ती शर्यत नसते. पुढे कुठे जायचं याचे नियम असतात, आणि बहुतेक ठिकाणी वेळ मोजायलाही बंदी असते. पण हौस ती हौस. २०२४च्या मे महिन्यात मी महिनाभर त्याच्याकडे जाणार होतो. त्यानं सांगून ठेवलं, “मामू, तुम्ही आल्यावरच गाडी उघडू. सीटचं काम तुम्हालाच येतं.” मी इंग्लंड पाहायला गेलो आणि अर्धं इंग्लंड मला एका भाड्याच्या गॅरेजच्या दारातून दिसलं.

काम सुरू झालं. त्यानं एक वही केली होती. काढलेली प्रत्येक वस्तू काट्याला लावायची आणि वजन लिहायचं. सीटं चार-चार बोल्टवर असतात, लगेच निघाली. जुनं सीट पंधरा किलोंच्या आसपास, नवं बकेट सीट सातचं. मधला कप्पा, रेडिओ, स्पीकर, डिकीतलं जादा चाक आणि जॅक. मग गालिचा. भाच्यानं एका टोकाला धरून तो ओढला आणि त्याच्या खालून जो वास आला, त्यासरशी मी इंग्लंडमधून थेट बाजारपेठेत आलो. आमच्या, चिपळूणच्या.

तुमच्यापैकी अनेकांना २२ जुलै २०२१ची तारीख पाठ असेल. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं ते पहिल्या मजल्याला लागेपर्यंत थांबलं नाही. पाणी ओसरल्यावर घरं धुतली, दुकानं धुतली, आणि मग लोकांचं लक्ष गाड्यांकडे गेलं. धाकटा भाऊ आता अब्बांचं दुकान चालवतो. त्याचा स्वतःचा माल, रेक्झीनचे तागे, फोम, शिलाईची मशीन, सगळं चिखलात. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो लोकांच्या गाड्यांची सीटं काढत होता, कारण दुसरं कोण काढणार? हायवेच्या कडेला सीटांची रांग, दोरीवर गालिचे, पत्र्याच्या मोकळ्या गाड्या दारं उघडून उन्हाची वाट बघत उभ्या. ऊन काही येत नव्हतं. नमदा हा पदार्थ वाईट. वरचा गालिचा हाताला सुका लागतो, पण खालचा नमदा आठ-आठ दिवस पाणी धरून बसतो आणि पत्रा आतून खातो. त्या दिवसांत शहराला जो वास होता, चिखल, डिझेल आणि कुजलेलं कापड यांचा मिळून, तो ज्यानं घेतला तो विसरणार नाही. भावानं तेव्हा किती सीटं काढली याचा हिशोब ठेवला नाही. पैशांचाही फारसा ठेवला नाही.

तोच वास कॉव्हेंट्रीजवळच्या गॅरेजमध्ये. मी भाच्याला म्हटलं, “तुझ्या गाडीत पूर आलाय.” तो हसला. त्याला वाटलं, मामू कविता करतायत. मी नमदा पिळून दाखवला. तळहातातून पाणी गळलं.

कारण साधं होतं. या गाडीच्या कापडी छतावरचं पाणी मागे उतरतं आणि सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या भोकांतून खाली जमिनीवर जातं. भोकं झाडाच्या पानांनी, कचऱ्यानं तुंबली की पाणी आत वळतं. काही गालिच्याखाली, काही दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पेटीत, जिला तिकडे ‘सिल’ म्हणतात. छत नसलेल्या गाडीला ताकद देणारी जी मोजकी हाडं असतात, त्यातलं हे एक. टाचणीनं टोचलं तर डाव्या बाजूचा पत्रा पापडासारखा फुटला. बाहेरून रंग चकचकीत! आधीच्या मालकानं वरून लांबी भरून रंग मारला होता.

इथे हौसेचा रंग बदलला. आतापर्यंत भाचा सीट केवढ्याला, स्टिअरिंग केवढ्याला, हे बघत होता. आता कळलं, की वर्षभर ज्या गाडीतून तो आपल्या आईला घेऊन हायवेनं जात होता, तिचा एक कणा कुजलेला होता, आणि आपा त्याच बाजूला बसत होती. तिकडे स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, शेजारचा माणूस डावीकडे. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची दरवर्षी सक्तीची तपासणी असते. सीटबेल्टच्या बोल्टपासून तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजलेला सापडला तर गाडी नापास. पण तपासणारा गालिचा उचलून बघत नाही, आणि लांबी-रंगाला तोही फसतो. गालिचा काढला नसता तर हे कळलं नसतं. शर्यतीच्या नादाला मी मनातून नावं ठेवत आलो होतो, पण त्या नादानंच हे उघडं पडलं, हे मला मान्य केलंच पाहिजे.

नवं बकेट सीट खोक्यातच राहिलं आणि पैसे वेल्डिंगला गेले. एका म्हाताऱ्या इंग्रज कारागिरानं कुजलेला भाग कापून काढला, नवा पत्रा बसवला, आत मेण फवारलं. त्याचं वेल्डिंग बघत मी दोन दिवस स्टूल टाकून बसलो. घाई अजिबात नाही. एक टाका इथे, एक टाका तिथे, मध्ये पत्रा थंड होऊ द्यायचा, नाहीतर तो वाकडा होतो. ही टाक्यांची भाषा मला ओळखीची होती.

मग पुन्हा उपसणं सुरू. तळाच्या पत्र्यावर आवाज दाबायला कारखान्यात डांबरी थापा चिकटवलेल्या असतात. त्या काढायची युक्ती बघण्यासारखी आहे. त्यावर सुका बर्फ पसरायचा. थंडीनं डांबर काचेसारखं ठिसूळ होतं, हातोडीनं ठोकलं की कपच्या उडतात. जाड हातमोजे घालायचे आणि गॅरेजचं दार उघडं ठेवायचं, कारण सुका बर्फ म्हणजे घट्ट झालेला कार्बन डायऑक्साइड, बंद जागेत त्यानं गुदमरायला होतं. गालिच्याखाली निघालेल्या वस्तू भाच्यानं एका वाटीत ठेवल्या. दोन नाणी, पार्किंगची विटलेली चिठ्ठी, लहान मुलीची केसांची क्लिप. अब्बांच्या दुकानातही अशी वाटी असायची. गिऱ्हाईक सीट न्यायला आलं की आधी वाटी पुढे करायची, मग बिल.

सुरक्षेबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण या हौसेतली खरी जोखीम इथे आहे आणि दिसण्याच्या नादात लोक इथेच घसरतात. शर्यतीच्या गाडीत लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो, गाडी उलटली तर माणूस चेपू नये म्हणून. पण त्या गाडीत चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं. रस्त्यावर आपण हेल्मेट घालून मोटार चालवत नाही. तेव्हा डोक्याजवळून जाणारी नळी साध्या अपघातातही कवटी फोडू शकते. शर्यतीचे चार-सहा टोकांचे पट्टे छान दिसतात. पण त्यांचे खांद्यावरचे भाग मागे जवळजवळ आडवे गेले पाहिजेत. ते सीटमागे सरळ जमिनीत बांधले तर धक्क्याच्या वेळी पाठीचा कणा खाली दाबला जातो. आणि या पट्ट्यांत माणूस सरळ जखडलेला असतो, त्याला वाकता येत नाही. म्हणून उघड्या गाडीत रोल बार नसताना असे पट्टे लावणं म्हणजे स्वतःला खांबाला बांधून घेणं. एअरबॅग असलेल्या गाडीचं स्टिअरिंग तर स्वतः काढायला जाऊच नये. आत स्फोटक भरलेलं असतं.

भाच्यानं मागच्या बाजूला, सीटांच्या पाठीशी, नुसता रोल बार बसवला. त्याला टणक फोम गुंडाळला. ट्रॅकसाठी सहा टोकांचे पट्टे, आणि रस्त्यासाठी मूळचा साधा सीटबेल्ट तसाच ठेवला. हीटर काढायचा मोह झाला होता. इंग्लंडच्या पावसात काच आतून धुरकट होते तेव्हा काय करशील, असं मी विचारलं, आणि हीटर वाचला. दारांच्या आतल्या गाद्या काढून पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे लावले, ओढायला कापडी पट्टी. त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद मात्र त्यानं फेकून दिला होता. तो कागद शोभेचा नसतो, काचेवरून दारात उतरणारं पाणी आत येऊ नये म्हणून असतो. चौथ्या दिवशी पाऊस आला, आणि पायाशी तळं. मग नवा कागद कापून चिकटवला.

वहीतला हिशोब आता सांगतो. सगळं मिळून चाळीस किलोंच्या आसपास वजन निघालं. रोल बार आणि पट्टे मिळून त्यातलं निम्मं परत आलं. राहिले वीस. मी शेजारी बसलो की अठ्ठ्याहत्तर वाढले. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मामू, तुम्ही डिकीत मोजले जाता.”

मुख्य तंटा झाला तो डाव्या सीटवरून. शर्यतीच्या गाडीत एकच सीट असतं. भाच्याच्या मूळ आराखड्यात डावीकडे मोकळा पत्रा होता. त्याच्याकडे दुसरी गाडी नाही. दर रविवारी तो आपाला याच गाडीतून बाजारात नेतो, पंचवीस मिनिटं जाताना, पंचवीस येताना. आठवड्यात मायलेकांचं जे काही बोलणं होतं ते त्या पन्नास मिनिटांत. घरी तो संगणकापुढे आणि ही फोनवर चिपळूणशी. आपा काही बोलली नाही. ती एवढंच म्हणाली, “बसचा पास काढते.” आमच्या आपाचं हे असं आहे. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी मध्ये पडणार होतो, पण वेळ आली नाही. ट्रॅक डेला नवशिक्याच्या शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो, त्याला सीट लागतंच, हे भाच्याला आयोजकांच्या माहितीत सापडलं. डावं सीट राहिलं. आईसाठी राहिलं की इन्स्ट्रक्टरसाठी, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

मग मी ते जुनं सीट मांडीवर घेतलं. कव्हर लोखंडी कड्यांनी सांगाड्याला आवळलेलं असतं. ती कडी पकडीनं कापली, कव्हर उलटं काढलं. उंच माणसं या गाडीत मावावीत म्हणून लोक याच सीटमधला फोम कापून काढतात, इंचभर खाली बसता येतं. मला उलटं करायचं होतं. आपाचे गुडघे दुखतात, आणि ही गाडी एवढी बुटकी की तीत बसणं म्हणजे पाटावर बसणं आणि उठणं म्हणजे परीक्षा. मी बसकीत टणक फोमचा एक थर वाढवला, मांडीकडे निमुळता, आणि दाराकडची कड जराशी चपटी केली, म्हणजे पाय बाहेर टाकताना अडत नाही. कव्हर परत चढवताना बोटं कुठे ताणायचं ते विसरली नव्हती. पाठीचा उंचवटा केला नाही, कारण डोकं रोल बारच्या वर जाता कामा नये. ते मोजूनच फोम घातला. सीट पुन्हा काट्याला लावलं, सातशे ग्रॅम वाढले होते. भाच्यानं वहीत लिहिले.

पहिल्या रविवारी ती दोघं गेली आणि अर्ध्या तासात मला फोन. आपा ओरडून बोलत होती. उघड्या पत्र्यावर चाकांचे खडे ताशासारखे वाजतात, मागचा गिअर रडतो, बोललेलं ऐकू येत नाही. तेव्हा भाच्यानं आवाज दाबणाऱ्या रबरी थापा आणल्या आणि मधल्या बोगद्यावर आणि डाव्या बाजूच्या तळावर चिकटवल्या. आणखी तीन किलो. ज्या कामाला चार दिवस हातोडी मारली ते अर्धं परत झालं. पण आता निवडून झालं. आपल्या बाजूचा पत्रा त्यानं तसाच मोकळा ठेवला आहे.

आपल्याकडे हे करू बघणाऱ्यांना एक सांगणं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणीच्या कागदावरचा तपशील आणि कंपनीनं दिलेली मूळ रचना यात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं आहे. पाच माणसांची म्हणून नोंदलेली गाडी एका माणसाची करून रस्त्यावर आणली तर पोलीस आणि विमा कंपनी दोघंही विचारतील. इंग्लंडमध्ये भाच्याला प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवावा लागला, सीटपासून स्टिअरिंगपर्यंत. बंद ट्रॅकवर ट्रेलरनं नेऊन पळवायची गाडी वेगळी आणि सोमवारी ऑफिसला न्यायची वेगळी. मात्र आपल्या गाडीचा गालिचा वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, उचलून बघायला कुठलाही कायदा आड येत नाही. कोकणात तर जरूर बघा. नमद्यावर तळहात दाबून धरा आणि दहापर्यंत मोजा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये भाचा अखेर ट्रॅकवर गेला. आपा डबा घेऊन बरोबर गेली होती, पण आत बसली नाही. हेल्मेट तिला नको होतं. शेजारी इन्स्ट्रक्टर बसला, वीस मिनिटं. उतरताना तो म्हणाला, गाडी चांगली आहे, ब्रेक उशिरा लावतोस, आणि हे डावं सीट ट्रॅकच्या मानानं जरा मऊ आणि उंच आहे, बदलून टाक. भाच्यानं कठड्यापलीकडे डबा सोडत बसलेल्या आपाकडे बोट केलं आणि म्हणाला, “ते तिचं आहे.”